समज देण्यात आली आहे

पुण्यात विचारवंत भेटायचे असतील तर वसंत व्याख्यानमालेला जावं लागतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली ती सुरू केली. तेव्हापासून तिथे विचारवंत व्यासपीठावर येतात, बोलतात, हार घेतात आणि जातात. हॅरिस पूल ओलांडून आमच्या बाजूला आलात की हा शिरस्ता संपतो. दापोडी, कासारवाडी, भोसरी, चिंचवड, आकुर्डी आणि तिकडे थेट चाकणपर्यंत आमचे विचारवंत भिंतीवर राहतात. लॅमिनेशन करून. कुणी पाण्याच्या कूलरच्या वर, कुणी पंचिंग मशीनशेजारी, कुणी कॅन्टीनमध्ये ‘अन्न वाया घालवू नका’च्या खाली. त्यांना मानधन लागत नाही, गाडी पाठवावी लागत नाही, आणि समोर कुणी जांभई दिली तरी ते मनाला लावून घेत नाहीत.

‘तुमच्याकडे वैचारिक वातावरण नाही हो,’ असं पुणेकर आम्हाला अधूनमधून ऐकवतात. त्यांना माझा एकच प्रश्न असतो. ताईची ओनो, शिगेओ शिंगो, काओरू इशिकावा, एडवर्ड्स डेमिंग, जोसेफ जुरान ही कारखान्यांना दर्जा शिकवणाऱ्यांची नावं सदाशिव पेठेत किती जणांना ठाऊक आहेत? आमच्याकडे परभणीहून आलेला, आयटीआय केलेला, एका खोलीत चौघांबरोबर राहणारा पोरगा नाईट शिफ्टला चहा पिता पिता ही पाचही नावं घेतो. आदरानंच घेतो असं नाही. ‘त्या ओनोनं आमच्या रविवारची वाट लावली,’ असंही म्हणतो. पण अथेन्सचे लोक सॉक्रेटिसबद्दल काही वेगळं बोलत नसणार.

हे लोक आमच्याकडे आले तेव्हा त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. पण त्या काळात विचारवंतांची गरजच नव्हती. स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. मुलगी दहावीत असताना नंबर लावायचा, तिच्या लग्नात स्कूटर हुंड्यात आली तर आली. ज्या गिऱ्हाइकाची इतकी वाट पाहायची तयारी आहे, त्याला स्कूटर तिरकी करून मगच किक मारावी लागते याचं काय दुःख? १९८०च्या दशकात कावासाकीसारखी जपानी नावं आमच्या गेटवर दिसू लागली, १९९१ नंतर गिऱ्हाईक दुकानात जाऊन ‘दुसरी दाखवा’ म्हणू लागलं, आणि मग साहेब लोकांची झोप उडाली. तोवर भारतात क्वालिटी सर्कल नावाचा प्रकार हैदराबादच्या ‘भेल’मध्ये १९८० साली सुरू झालाच होता. पुढे चाकणला परदेशी गाड्यांचे कारखाने आले, त्यांच्यामागून शेकडो पुरवठादार आले, आणि प्रत्येक पुरवठादाराच्या भिंतीवर हे पाच जण आले.

आल्यावर ते इथलेच झाले. आता आमच्याकडे ‘काइझेन टाकला का?’, म्हणजे सुधारणेची सूचना दिली का, हा प्रश्न ‘जेवलास का?’ इतक्याच सहजतेनं विचारतात. इशिकावांनी एखाद्या दोषाची कारणं शोधायला माशाच्या सांगाड्यासारखी आकृती बेतली. डोक्याशी दोष आणि काट्याकाट्यावर कारणं. आळंदी-देहूचा हा मुलूख. इथल्या लाइनवर निम्मे गळे तुळशीच्या माळेचे. मी एका माळकरी सुपरवायझरला भर एकादशीला ‘फिशबोन’ काढताना पाहिलं आहे. काटे त्यानं मनापासून काढले, सगळी कारणं लिहिली, फक्त डोक्याच्या जागी डोळा काढायचं टाळलं. ‘तेवढं जिवंत नको,’ म्हणाला. इशिकावांना हे कळलं असतं तर त्यांनी नक्कीच पानाची आकृती सुचवली असती.

डेमिंगसाहेबांचं मात्र आमच्याकडे जरा जास्तच झालं. हा अमेरिकन माणूस १९५० मध्ये जपानला गेला, तिथल्या इंजिनिअरांना आणि मालकांना संख्याशास्त्र शिकवलं, आणि पुढच्याच वर्षी जपान्यांनी त्याच्या नावाचं पारितोषिक सुरू केलं. खुद्द अमेरिकेला तो नीट दिसला तो १९८० साली, दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमातून. तेव्हा तो ऐंशीला टेकला होता. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. तर या डेमिंगची चौदा सूत्रं आहेत. त्यातलं दहावं सूत्र असं की कामगारांसाठीच्या घोषणा, फलक आणि उपदेश काढून टाका. चुका बहुतेक व्यवस्थेतून येतात आणि घोषणेनं व्यवस्था सुधारत नाही, फक्त कामगार चिडतो. आता आमच्याकडचा नोव्हेंबर पाहा. नोव्हेंबर हा क्वालिटीचा महिना. स्टेज घातलेलं असतं, डेमिंगच्या फोटोला हार घातलेला असतो, आणि फोटोखाली बॅनर असतो: ‘घोषवाक्य स्पर्धा’. पहिलं बक्षीस मिक्सर. हार घातलेला माणूस आयुष्यभर ज्याला नको म्हणत होता, त्याचीच त्याच्या डोळ्यांदेखत स्पर्धा! ‘दर्जा राखू, देश राखू’ला पहिलं बक्षीस मिळतं, ते पुढे वर्षभर कूलरच्या वर लागतं, आणि त्याला जागा करायला डेमिंगची चौदा सूत्रं स्टोअरमध्ये जातात.

पण खरी गंमत आहे ती ‘फाइव्ह व्हाय’ची. टोयोटाचे मूळ पुरुष साकिची तोयोडा, त्यांची ही पद्धत. ओनोंनी ती कारखान्यात रुजवली. काही बिघडलं तर एकदा ‘का’ विचारून थांबायचं नाही, पाचदा विचारायचं. ओनोंनी स्वतः दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. मशीन बंद पडलं. का? लोड जास्त झाला आणि फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण पुरत नव्हतं. का? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजून खिळखिळा झाला होता. का? पंपाला गाळणी नव्हती, त्यामुळे धातूचा कीस आत गेला. उपाय: गाळणी बसवा. नुसता फ्यूज बदलला असता तर चार दिवसांनी पुन्हा तेच.

हे उदाहरण परत एकदा वाचा. त्यात फ्यूज आहे, बेअरिंग आहे, पंप आहे, शाफ्ट आहे, गाळणी आहे. माणूस एकही नाही. नाईट शिफ्टला कोण होतं, हा प्रश्न ओनो विचारतच नाहीत.

आता आमच्या पट्ट्यातला कुठलाही तक्रारीचा कागद काढा. मोठ्या कंपनीनं पार्ट परत पाठवला की पुरवठादारानं असा कागद भरून द्यायचा असतो. पार्ट रिजेक्ट का झाला? होल एका बाजूला सरकलं. का? पार्ट फिक्स्चरमध्ये नीट बसला नाही. का? ऑपरेटरनं नीट बसवला नाही. का? ऑपरेटरचं दुर्लक्ष. का? ऑपरेटरला गांभीर्य नाही. उपाययोजना: ऑपरेटरला समज देण्यात आली आहे. खाली ऑपरेटरची सही, तारीख, आणि तो फळ्यासमोर हात मागे बांधून उभा असल्याचा फोटो. हे वाक्य आमच्याकडे इतकं लिहिलं गेलं आहे की एकदा कुणीतरी हिशेब काढायला हवा: भोसरी ते चाकण या पट्ट्यात आजवर जेवढी समज देण्यात आली आहे, तेवढी समज मुळात होती कुणाजवळ?

दोन ‘का’पर्यंत आपण ओनोंच्या मागून नीट जातो. तिसऱ्या ‘का’ला माणूस सापडतो आणि आपला जीव भांड्यात पडतो. पुढचे दोन ‘का’ त्याला झोडपायला वापरायचे. फिक्स्चरचा लोकेटिंग पिन झिजला होता का, बदलायला सांगून किती दिवस झाले होते, परचेसवाल्यांनी तो कुठे अडवून ठेवला होता, हे विचारलं तर पाचवा ‘का’ थेट केबिनच्या काचेपाशी जातो. म्हणून तिसऱ्यालाच स्टॉप.

एवढी प्रस्तावना केली ती आमच्या शेजाऱ्यांसाठी. आम्ही चिंचवडला राहतो. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांना सगळी सोसायटी ‘क्वालिटीसाहेब’ म्हणते. चाकणच्या एका पुरवठादार कंपनीत ते क्वालिटीला आहेत, हयात त्यातच गेली. माणूस सज्जन, मदतीला धावणारा. दोष एकच, की गेली काही वर्षं ते विचारवंतांना घरी घेऊन येऊ लागले आहेत.

सुरुवात स्वयंपाकघरापासून झाली, कारण सुधारणा करायला दुसऱ्याची खोली केव्हाही बरी. ‘फाइव्ह एस’मध्ये प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर असं असतं. टूल रूममध्ये त्यासाठी शॅडो बोर्ड करतात. पान्याच्या मागे पान्याचीच आकृती रंगवलेली, म्हणजे पाना जागेवर नसला तर लगेच कळतं. साहेबांनी एका रविवारी प्लायवूड आणलं, निळा रंग दिला आणि त्यावर पिवळ्या रंगानं झारा, उलथणं, पळी, डाव, सांडशी, किसणी आणि लाटणं यांच्या आकृत्या काढल्या. काम देखणं झालं होतं, हे कबूल केलं पाहिजे. सांडशीची आकृती तर अशी की उचलून पातेलं धरावं. पुढच्याच आठवड्यात वहिनींच्या सासूबाई जुन्नरहून आल्या, येताना पितळेचा लांब दांड्याचा झारा घेऊन आल्या. तो काही कुठल्या आकृतीत बसेना. साहेब म्हणाले, ‘आई, हा नॉन-स्टँडर्ड आहे. याला रेड टॅग लावावा लागेल.’ रेड टॅग म्हणजे नको असलेल्या वस्तूला लावायची लाल चिठ्ठी. आईंनी झारा आणि मुलगा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हा माझ्या लग्नातला आहे. तू नंतरचा.’ चिठ्ठी लागली नाही.

मग साहेबांना साठवणूक दिसली. ओनोंच्या सात प्रकारच्या अपव्ययांत साठा हा एक. त्यांना साठ्याचा भयंकर राग. माल हवा तेव्हा, हवा तितकाच यावा; अमेरिकन सुपरमार्केटमध्ये फळीवरचं जेवढं उचललं जातं तेवढंच मागून भरतात, त्यावरून त्यांनी कारखान्यातली पद्धत बेतली. साहेबांनी माळ्यावर चढून पाहिलं तर वर्षाचे गहू, तांदूळ, मिरची-मसाला, कुरडया, पापड, सांडगे, आणि लोणच्याच्या बरण्या. ‘हे सगळं अडकलेलं भांडवल आहे,’ असं त्यांनी शिडीवरूनच जाहीर केलं. त्यानंतर घरात कार्डं आली. पोह्याचा डबा आतल्या पिवळ्या रेघेपर्यंत उतरला की डब्यातलं कार्ड फ्रिजच्या दारावर लावायचं, संध्याकाळी साहेब येताना पोहे घेऊन येणार. दोन दिवसांत मुलानं स्वतःचं एक कार्ड करून लावलं. त्यावर वस्तूचं नाव चॉकलेट, किमान साठा दहा.

ही पद्धत मोडली ती चाकणच्या तळेगाव चौकात. ज्यांनी तो चौक पाहिलेला नाही त्यांना सांगतो, नाशिक रस्ता, तळेगावचा रस्ता आणि एमआयडीसीचे कंटेनर यांची तिथे गाठ पडते, आणि ती लवकर सुटत नाही. सबंध मोटार उद्योग ‘जस्ट इन टाइम’वर चालतो, म्हणजे पार्ट लाइनवर लागायच्या जरा आधी ट्रक गेटवर हवा. ट्रक चौकात उभा. म्हणून हुशार पुरवठादार काय करतात, तर कंपनीच्या जवळ एक शेड भाड्यानं घेतात आणि तिथे चार दिवसांचा माल भरून ठेवतात. कागदावर साठा शून्य, शेडमध्ये छपरापर्यंत. वहिनींनी नेमकं हेच केलं. स्वयंपाकघरात कार्डं डुलत राहिली, आणि खरा किराणा आमच्याकडच्या बाल्कनीत आला. आम्ही त्यांचे वेअरहाऊस. भाडं म्हणून अधूनमधून कुरडया मिळतात.

ओनोंचं वर्तुळही घरात येऊन गेलं. खडूनं जमिनीवर वर्तुळ काढायचं, त्यात नव्या इंजिनिअरला उभं करायचं आणि सांगायचं: हलू नको, फक्त पाहा. तासन्‌तास. काम कुठे अडतं, कोण विनाकारण चालतं, कशाची वाट पाहिली जाते, ते डोळ्यांना आपोआप दिसू लागतं. केबिनमधून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना यापेक्षा चांगलं औषध नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. साहेबांनी ओट्यापासून हातभर अंतरावर वर्तुळ काढलं आणि वही घेऊन उभे राहिले. सकाळची वेळ. कुकर, पोळ्या, डबे, मुलाची शाळेची रिक्षा, सगळं एका वेळी. पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं की वहिनींना फ्रिजपासून ओट्यापर्यंत सरळ जाता येत नाही, दर वेळी वळसा घालावा लागतो. त्यांनी ते टिपून घेतलं. वळसा कशाला घालावा लागतो, या कलमापुढे त्यांना लिहावं लागलं: वर्तुळ. वहिनींनी तेवढ्यात मेथीची जुडी त्यांच्या हातात दिली. ‘उभेच आहात तर निवडून टाका.’ त्या दिवशीचं निरीक्षण चांगलं झालं, भाजीही स्वच्छ निघाली.

इथपर्यंत सगळी मौज होती. पण सोसायटीतलं प्रकरण जरा वेगळं आहे.

पिंपरी-चिंचवडला पाणी येतं पवना धरणातून, आणि २०१९च्या अखेरीपासून ते एक दिवसाआड येतं. ज्या रात्री येतं त्या रात्री आमच्या जमिनीतल्या टाकीतून ओसंडून गेटबाहेर वाहतं, आणि ज्या दिवशी नसतं त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बादली घेऊन खाली येतात. दोन्हींचं खापर वॉचमनवर. पाणी वाहिलं की ‘झोपला होता’, पाणी संपलं की ‘लक्ष नव्हतं’. वॉचमन बारा तासांची ड्युटी करणारा वयस्क गृहस्थ. पवना धरण त्याच्या अखत्यारीत येत नाही, ही गोष्ट कमिटीच्या कुठल्याच सभासदाच्या ध्यानात येत नव्हती. दर मासिक सभेच्या इतिवृत्तात ओळ ठरलेली: ‘वॉचमनला समज देण्यात आली.’ एका महिन्यात पाणी एकदाही वाहिलं नाही, कारण जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे ते आलंच फार थोडं. त्या महिन्यात वॉचमनला नारळ आणि एकशेएक रुपये देऊन सत्कार केला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! पुढच्या महिन्यात परत समज.

क्वालिटीसाहेब कमिटीवर आहेत. गणेशोत्सवात सोसायटीचे कार्यक्रम असतात, त्यात त्यांनी डेमिंगचा लाल मण्यांचा प्रयोग करायचं ठरवलं. डेमिंग आपल्या चार दिवसांच्या वर्गात हा प्रयोग हमखास करायचे. एका पेटीत चार हजार मणी, त्यातले आठशे लाल, बाकी पांढरे. पन्नास खळग्यांची एक फळी. ‘कामगार’ ती पेटीत बुडवतो, वर काढतो. जितके लाल तितके दोष. डेमिंग फोरमन बनून एकाला शाबासकी देतात, दुसऱ्याला झापतात, तिसऱ्याला घरी पाठवायची धमकी देतात. फळीवर किती लाल येणार हे कामगाराच्या हातात मुळीच नसतं. लाल मणी पेटीतच आहेत, आणि पेटी भरली व्यवस्थापनानं. समोर बसलेले मोठमोठे अधिकारी हसत, आणि हसता हसता गप्प होत.

आमच्याकडे मणी नव्हते. साहेबांनी परातभर पांढरे वाटाणे घेतले, त्यात राजमा मिसळला, आणि फळीऐवजी सासूबाईंचा तो पितळी झारा. पाच सभासद कामगार झाले. चेअरमनच्या झाऱ्यात सगळ्यांत जास्त राजमा आला. साहेबांनी फोरमनच्या आवाजात विचारलं, ‘काय हो, घरी भांडून आलात का? कामाकडे लक्ष कुठाय?’ लोक हसून लोटपोट. चेअरमन आधी हसले, दुसऱ्या फेरीत पुन्हा राजमा आला तसे लाल झाले, आणि तिसऱ्या फेरीला म्हणाले, ‘अहो, पण यात माझा काय दोष? राजमा तुम्हीच घातलाय!’

टाळ्या पडल्या. साहेब धन्य झाले. डेमिंगना जे चार दिवस लागायचे ते त्यांनी आरतीआधी उरकलं होतं.

पुढच्या रविवारी मासिक सभा झाली. विषय क्रमांक तीन, पाण्याची नासाडी. चर्चेअंती ठराव: वॉचमनला कडक समज देण्यात यावी. सूचक, चेअरमन. अनुमोदक, आमचे क्वालिटीसाहेब.

मी सभेला होतो. मला साहेबांची कीव आली, रागही आला. पण खरं सांगायचं तर आश्चर्य वाटलं नाही. कंपनीतून ते पद्धत घरी आणू शकले, सवयही तिच्यामागून आलीच. वड्याचं तेल वांग्यावर काढायला आपल्याला कुठल्याही जपान्याकडून शिकावं लागत नाही. ते आपलं स्वदेशी तंत्रज्ञान आहे.

ठराव झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, ‘त्या वॉचमनला कुणी काही विचारलं का, की नुसतीच समज?’ त्याला बोलावलं. तो आपलं रजिस्टर घेऊन आला. त्या रजिस्टरमध्ये कोणाची गाडी कधी आली, कुरिअर किती वाजता आलं, हे आम्ही सगळे वाचतो. शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना आहे, तो कुणी वाचत नाही. त्या रकान्यात त्यानं पावसाळ्याच्या आधीपासून आठवड्याआड एकच ओळ लिहिली होती: ‘टाकीचा बॉल कुजला आहे. पाणी बंद होत नाही.’ टाकी भरली की बॉलकॉकचा बॉल वर येतो आणि पाणी आपोआप थांबतं. आमचा बॉल वर यायचा बंद झाला होता. ओनोंची गाळणी ती हीच. आमच्याकडे ती सगळा वेळ लिहून ठेवलेली होती, खाली सहीसुद्धा होती.

बॉलकॉक बसला. गेटबाहेर पाणी वाहायचं थांबलं. एक दिवसाआड यायचं मात्र तसंच राहिलं, त्याला महापालिकेचा पाचवा ‘का’ लागेल. इतिवृत्तातला ठराव कुणी खोडला नाही, कारण खोडायला विशेष सभा लागते म्हणे.

साहेबांच्या घरात याच सुमारास आणखी एक घटना घडली. ते रोज डबा विसरायचे. डबा ओट्यावर, साहेब मोशीच्या पुढे. यावर त्यांनी आधी दारावर फलक लावला, तीन रंगांत: ‘डबा घेतला का?’ काही दिवसांत तो फलक त्यांना दिसेनासा झाला, जसे कंपनीतले फलक कामगारांना दिसत नाहीत. मग चेकलिस्ट आली. पाकीट, मोबाइल, ओळखपत्र, हेल्मेट, डबा. एके दिवशी पाचही खुणा करून, सही ठोकून साहेब निघून गेले आणि डबा ओट्यावर. चेकलिस्टमध्ये दोष नव्हता, खुणा सरळ रेषेत होत्या.

वहिनींनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी मोटारसायकलची किल्ली डब्याच्या पिशवीच्या बंदाला बांधून टाकली. त्या दिवसापासून डबा विसरणं शक्यच उरलं नाही.

याला शिंगो ‘पोका-योके’ म्हणतात. १९६१ साली एका कारखान्यात बायका एक छोटा स्विच जोडत असत. त्यात दोन स्प्रिंगा बसवायच्या, आणि कधीकधी एखादी राहून जायची. ‘लक्ष द्या’ म्हणून सांगून झालं होतं. शिंगोंनी फक्त इतकं केलं, की आधी दोन स्प्रिंगा काढून बशीत ठेवायच्या, मग जोडायचं. बशीत स्प्रिंग उरली तर कळतंच. या उपायांना तेव्हा तिथे मूर्खांपासून बचाव अशा अर्थाचा शब्द होता. दोन वर्षांनी दुसऱ्या एका कारखान्यात एका कामगार बाईला अधिकाऱ्यानं तसं उपकरण समजावून सांगितलं, तर ती रडू लागली. मी काय इतकी मूर्ख आहे, म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही. तो अधिकारी तिच्या घरी गेला. चुका कुणाच्याही हातून होतात, हे त्यानं तिच्या दारात जाऊन सांगितलं. शिंगोंनी मग शब्द बदलून ‘पोका-योके’, म्हणजे चुकांपासून बचाव, असा केला. नाव काय ठेवलं याचं मला फारसं अप्रूप नाही. समज द्यायला ऑफिसात न बोलावता साहेब स्वतः बाईच्या घरी गेला, याचं आहे. आमच्या पट्ट्यात असा फोटो मी कुठल्याही फळ्यावर पाहिलेला नाही.

तर किल्ली आणि डबा. साहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांच्या लाइनवर ऑपरेटर माप तपासायचा गेज न लावताच ट्रॉली पुढे ढकलत. साहेबांनी ट्रॉलीच्या कुलपाची किल्ली गेजलाच बांधली. गेज हातात घेतल्याशिवाय ट्रॉली हलेना. काइझेन शीट भरलं गेलं, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो लागले, मूळ कल्पना कळावी म्हणून घरच्या डब्याच्या पिशवीचाही फोटो लागला, आणि त्या महिन्याचं उत्कृष्ट काइझेन म्हणून साहेबांना प्रमाणपत्र आणि स्टीलचा थर्मास मिळाला. प्रमाणपत्र आता हॉलमध्ये आहे. आम्ही अभिनंदनाला गेलो तेव्हा वहिनी चहा देता देता एवढंच म्हणाल्या, ‘फोटोत पिशवी माझी आहे.’

साहेबांनी नंतर चौकशी केली. त्या शीटवर नाव, विभाग, टोकन नंबर, बचत किती, असे सगळे रकाने आहेत. कल्पना घरच्या कुणाची असेल तर ती लिहायला जागा नाही. म्हणून भोसरीपासून चाकणपर्यंतच्या यच्चयावत एचआरवाल्यांना ही जाहीर विनंती: पुढच्या नोव्हेंबरात घोषवाक्य स्पर्धा घेतली नाही तरी चालेल. ते पैसे वाचवा, काइझेन शीट नव्यानं छापून घ्या आणि त्यात एक रकाना वाढवा, ‘ही कल्पना घरी कुणाची?’ त्याखाली सहीला जागा सोडा. आणि बक्षीस थर्मास देणार असाल तर कृपया दोन द्या.